आंब्याची कोय कलमं : बारावी व्होकेशनलच्या प्रोजेक्टच्या नोंदी, मे ते नोव्हेंबर

मी बारावीला आहे, व्होकेशनल, हॉर्टिकल्चर घेतलंय. कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात. प्रोजेक्ट म्हणून आमच्या चौघांच्या ग्रुपने ५०० आंब्याची कलमं बांधायचं ठरवलं, बाठा (म्हणजे कोय) रुजवण्यापासून ते कलम लावणीच्या लायक होईपर्यंत सगळं आपल्या हाताने. कोय कलम म्हणजे बाठ्याला आलेल्या कोवळ्या कोंबावर (तो खुंट) चांगल्या झाडाची काडी जोडायची. रोज वहीत लिहीत होते, तेच इथे टाइप करतेय. पुस्तकातलं सगळं पुस्तकात आहेच, ते परत लिहीत नाही. कुठे मार खाल्ला, किती पैसे गेले, किती दिवस फुकट गेले तेवढं लिहिते, कारण आम्ही सुरू केलं तेव्हा नेमकं हेच कुणी सांगितलं नव्हतं.

१४ मे

बाठे गोळा करायला सुरुवात. खुंटासाठी रायवळचेच (गावठी आंब्याचे) बाठे हवेत. हापूसचे घेऊ नका, खुंट म्हणून रायवळच दणकट. आमच्याकडे आजी दरवर्षी रायवळचं साठं (आंबापोळी) घालते, वाडीतल्या चार-पाच घरांतही घालतात, म्हणजे रस काढून झाला की बाठ्यांचा ढीगच पडतो. मी घरोघर सांगून ठेवलं, बाठे परड्यात फेकू नका, मला द्या. एक काकी म्हणाल्या, "बाठे कशाला गो? पेरणार हायस काय?" म्हटलं हो काकी, पेरणारच आहे.

खर्च शून्य. वेळ रोज संध्याकाळचा एक तास.

२६ मे

पहिला फटका. १४ ते २० तारखेपर्यंत जमलेले बाठे मी न धुता प्लास्टिकच्या पोत्यात भरून पडवीत ठेवले होते, आज तोंड सोडलं तर आतून गरम वाफ आली आणि आंबूस वास. बाठ्यांवर पांढरी बुरशी, फोडून बघितलं तर आतला गर काळपट आणि बुळबुळीत. साधारण २०० बाठे होते, सगळे फेकले. १२ दिवसांची मेहनत गेली.

आता काय करतोय ते असं: बाठा आला की त्याच दिवशी पाण्यात घासून रसाचा चिकटा काढायचा, सावलीत गोणपाटावर एकेरी पसरायचा, आणि एक-दोन दिवसांनी ओलसर रेतीत ठेवायचा. उन्हात वाळवायचा नाही. आणि आंब्याचा बाठा फार दिवस थांबत नाही, महिनाभरात त्याची रुजायची ताकद जाते, म्हणून भात-नाचणीच्या बियाण्यासारखा पुढच्या वर्षाला साठवून ठेवता येत नाही.

८ जून

पाऊस धरला. पहिला वाफा केला. ३ फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफा, लाल माती, रेती, खाली पालापाचोळा. उंची कमी करू नका, आमच्याकडे पावसाळ्यात ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, सपाट वाफ्यातले बाठे कुजणारच.

३६२ बाठे बादलीत टाकले, ६२ तरंगले, ते बाजूला काढले. तरंगलेले मुद्दाम फोडून बघितले, काहींमध्ये आत किडा होता, काही नुसते पोकळ. राहिलेले ३०० कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात (लिटरला १ ग्रॅम) पाच मिनिटं बुडवून लावले.

लावताना आम्ही बाठे कसेही टाकत गेलो, काही आडवे काही उभे काही उलटे. दोन ओळी झाल्यावर माळीकाका आले, त्यांनी एक बाठा फोडून आतून कोंब कुठल्या बाजूने निघतो ते दाखवलं. ती बाजू वर ठेवली तर कोंब सरळ येतो, नाहीतर खालून वळसा घालून येतो आणि मान वाकडी होते. वाकड्या मानेच्या रोपावर कलम बांधताच येत नाही. पहिल्या दोन ओळी उपटून परत लावायचा कंटाळा केला. केला नसता तर बरं झालं असतं, का ते पुढे येईलच.

२१ जून

पहिले कोंब दिसले. तांब्याच्या रंगाचे, लुसलुशीत, हात लावला तर मोडतील असे. आम्ही चौघं अर्धा तास नुसते वाफ्यापाशी बसून होतो.

२७ जून

दुसरा वाफा. उशिरा पिकणाऱ्या रायवळचे ४५० बाठे मिळाले, ८१ तरंगले, ३६९ लावले. या वेळी प्रत्येक बाठा हातात फिरवून बाजू बघूनच लावला. वेळ दुप्पट लागला.

पिशव्या आणल्या, ३ किलो, ५४० रुपये. शेणखत ८०० चं, माती आणायला टेम्पोचं भाडं ६००. रेती सांगितली होती ती आलीच नाही, म्हणून लाल माती आणि शेणखत एवढंच मिसळून पिशव्या भरायला घेतल्या, कारण कोंब १० ते १५ दिवसांचे असतानाच कलम बांधायचं असतं आणि ते काही रेतीसाठी थांबणार नव्हते. ही घाई ऑगस्टमध्ये महागात पडली.

२ आणि ३ जुलै: पहिली बॅच, १५० कलमं

पहिल्या वाफ्यात ३०० पैकी २३६ रुजले. आज त्यातली रोपं काढून कलमं बांधली.

रोप काढतानाच पहिला घोळ झाला. वरून धरून ओढलं की कोंब हातात येतो आणि बाठा मातीतच राहतो. बाठा तुटलेलं रोप संपलं म्हणून समजा, कारण कलम जुळून येईपर्यंत त्याला जे काही खायला मिळतं ते बाठ्यातूनच. २३ रोपं अशी गेली. नंतर खुरप्याने बाजूने माती सैल करून बाठ्याखाली हात घालून उचलायला लागलो, मग एकही तुटलं नाही. वाकड्या मानेची १७ निघाली, जवळजवळ सगळी त्या पहिल्या दोन ओळींतली.

बांधायची रीत: बाठ्यापासून चार बोटं वर कोंब आडवा कापायचा, मधोमध दीड-दोन इंच उभी चीर द्यायची. काडी साधारण पाच इंचाची, जाडीला खुंटाएवढीच, तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीची पाचर. पाचर चिरेत बसवून प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची. वरून बर्फाच्या पेप्सीची रिकामी प्लास्टिकची नळी टोपीसारखी घालायची, म्हणजे आत दमटपणा राहतो आणि काडी सुकत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण पाचर एका झटक्यात निघाली पाहिजे. दोन-तीनदा चाकू फिरवला की मध्ये पोट राहतं, आणि चिरेत बसवल्यावर पोट टेकतं पण दोन्ही टोकांना फट राहते. काकांनी शिकवलेली परीक्षा अशी, पट्टी बांधायच्या आधी जोड उजेडाकडे धरायचा, मधून उजेडाची रेघ दिसली तर काढून परत कापायचा. माझ्या पहिल्या १० पैकी ८ जोडांतून उजेड दिसला. २०-२५ झाल्यावर हात बसला.

चौघांनी मिळून पहिल्या दिवशी ३८ केली, दुसऱ्या दिवशी ११२. काका म्हणतात त्यांच्या उमेदीत ते एकटे दिवसाला ३०० बांधायचे.

चाकू दोन, ५६० रुपये. पट्टी २२०. बुरशीनाशकं ३१०. चाकू चांगलाच घ्या. आधी आम्ही दाढीच्या ब्लेडने करून बघितलं, ब्लेड वाकतं आणि पाचर तिरकी निघते, शिवाय पार्टनरचा अंगठा कापला, तीन टाके पडले.

पहिल्या वाफ्यातल्या राहिलेल्या ८६ रोपांपैकी तुटकी-वाकडी ४० फेकली, ४६ पिशवीत लावून ठेवली. ती नंतर कामी आली.

१२ जुलै

आज खूप वाईट वाटलं. १० दिवस झाले, रोज जाऊन बघत होतो, आणि अर्ध्याहून जास्त काड्या टोकाकडून काळ्या पडायला लागल्यात. मला वाटलं माझाच हात वाईट, कारण सुरुवातीची सगळी मी बांधली होती. सरांना दाखवलं. सरांनी एक मेलेलं कलम घेतलं, पट्टी सोडली, जोड उलगडला. पाचर आतून काळी, पण चिरेत नीट बसलेली, फट नव्हती. दुसरं घेतलं, तिथे काडी अजून हिरवी होती पण डोळा एकदम बारीक, चपटा, काडीला चिकटून.

माळीकाकांनी ती काडी बोटांत फिरवली आणि म्हणाले, "बाय, ही काडी झोपलेली हाय. झोपलेली काडी कशी उठंल?"

तेव्हा कळलं की आम्ही काय केलं होतं. कलमाच्या दिवशी सकाळी सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन गेलो, हाताला येतील त्या फांद्यांच्या काड्या कापल्या, तिथल्या तिथे पानं काढली आणि दुपारी बांधल्या. काडीची तयारी केलीच नाही. खरी रीत अशी, ३-४ महिन्यांची फूट निवडायची, जी हिरवटपणा सोडून जरा निबर झालीये पण खरखरीत झालेली नाही. झाडावर असतानाच तिची पानं कापायची, देठ ठेवायचे. मग ८ ते १० दिवस थांबायचं. त्या दिवसांत पानं नसल्यामुळे शेंड्याचा डोळा फुगायला लागतो. राहिलेल्या देठाला नुसतं बोट लावलं आणि तो गळून पडला की काडी तयार.

हे वर्गात शिकवलं होतं का, तर हो. माझ्या वहीत लिहिलेलंही आहे. पण आम्ही चारही जणांनी सगळं लक्ष चाकूवर ठेवलं होतं, पाचर किती लांब, पट्टी किती घट्ट, आणि काडीकडे कुणी बघितलंच नाही. तुम्ही पहिल्यांदा करणार असाल तर चाकू हातात घ्यायच्या १० दिवस आधी झाडावर जा. माझ्या सगळ्या नोंदींमधली कामाची गोष्ट हीच आहे.

आजच दुपारी दोन मातृवृक्षांवर (ज्यांच्या काड्या घ्यायच्या त्या झाडांवर) जाऊन २२० फुटींची पानं कापली. एक झाड विहिरीकडचं, दिवसभर ऊन असतं. दुसरं होस्टेलच्या मागचं, इमारतीच्या सावलीतलं. दोन्ही हापूस, दोन्ही चांगली धरणारी.

२२ आणि २३ जुलै: दुसरी बॅच, २०० कलमं

दुसऱ्या वाफ्यात ३०१ रुजले. या वेळी देठ टचकन गळत होते, डोळे टपोरे, बघूनच फरक कळत होता. १०० काड्या विहिरीकडच्या झाडाच्या, १०० होस्टेलमागच्या.

या वेळी ठरवलं की कुठलं कलम कुठल्या झाडाचं, कुणी बांधलं, कधी बांधलं ते पिशवीवर लिहायचं. पहिल्या बॅचला काहीच लिहिलं नव्हतं म्हणून काय चुकलं ते शोधता आलं नाही. मार्करने लिहिलं, संध्याकाळी जोराची सर आली, शेडनेटमधून गळती, रात्रीपर्यंत सगळी अक्षरं पुसट. नशीब की कलमं अजून ओळीत होती, कुठली कुठे ते आठवत होतं. सकाळी भांडारातला उरलेला ऑइल पेंट घेऊन ठिपके दिले, विहिरीचं झाड पिवळा, होस्टेलचं लाल, आणि बांधणाऱ्याप्रमाणे एक ते चार ठिपके. ते आजपर्यंत टिकलेत.

एका गोष्टीबद्दल मला अजून खात्री वाटते, नोंद नसलेलं कलम जगलं तरी काही शिकवत नाही आणि मेलं तरी नाही.

२ ऑगस्ट

पहिल्या बॅचची मोजणी. ५२ फुटली! आम्ही खूश, १५० पैकी ५२ म्हणजे अगदीच वाया नाही गेलं, ग्रुपवर फोटोपण टाकले. दुपारी सर आले, एकेक पिशवी उचलून जोडाकडे बघायला लागले आणि १५ बाजूला काढून ठेवली. त्यांच्यात फूट जोडाच्या खालून आली होती, म्हणजे ती खुंटाची, रायवळची. वरची काडी मेलेली. नुसती हिरवी पानं बघून आम्ही मोजलं होतं.

खरा आकडा ३७.

तुम्ही मोजताना बोटाने पट्टी चाचपा, फूट तिच्या वरून निघालीये का ते बघा. आणि काडी जिवंत असेल आणि खालूनही फूट आली असेल तर खालची लगेच खुडा, नाहीतर सगळा जोर तीच खाते.

८ ऑगस्ट: तिसरी बॅच, १०० कलमं

दुसऱ्या वाफ्यातले मागाहून रुजलेले कोंब वापरले. काड्यांची पानं २९ जुलैला कापून ठेवली होती. ६० हापूस, विहिरीकडच्याच झाडाच्या, आणि ४० रत्ना. रत्ना ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जात, नीलम आणि हापूस यांचा संकर, १९८१ ची. हापूसला साका होतो (आतला गर पांढरट, फोपसा होतो) आणि एक वर्ष धरतो एक वर्ष दडी मारतो, रत्नाला साका नाही आणि दरवर्षी धरतो. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली हापूस तो हापूस. चवीचं तिचं ती जाणे, पण मला घरच्या कातळावर दोन रत्ना लावायचेच आहेत.

दिवसभरात १०० झाली, चौघांत. हात आता चालतो.

१४ ऑगस्ट

दुसऱ्या बॅचची मोजणी, पट्टी चाचपून. २०० पैकी १५१ फुटली. पिवळ्या ठिपक्याची १०० पैकी ८९. लाल ठिपक्याची १०० पैकी ६२.

मग बांधणाऱ्याप्रमाणे मोजलं. चौघांचे आकडे जवळजवळ सारखे, ३६, ३९, ३७, ३९. म्हणजे हातात फरक नाही, झाडात आहे. सावलीतल्या झाडाच्या फुटी लांब पण बारीक होत्या, पेरं लांब लांब. पुढच्या वेळी सावलीकडची काडी घेणार नाही, मग कितीही हाताशी असो.

टोप्या काढायला सुरुवात केली. फूट टोपीला टेकली की काढायचीच. पाच-सहांच्या टोप्या राहून गेल्या होत्या, आतली कोवळी पानं पाणी साचून काळी झाली, पण खालून परत फुटली.

१९ ते २४ ऑगस्ट

हे सहा दिवस सगळ्यात वाईट.

१९ ला दुसऱ्या बॅचमधली १०-१२ कलमं मान टाकून उभी होती. वाटलं पाणी कमी पडलं, शेडनेटखाली पाऊस पोचत नसेल, म्हणून पाणी घातलं. २० ला ३०. परत पाणी घातलं. २१ ला पार्टनरने एक पिशवी फाडली, आतली माती चिखलासारखी घट्ट, वास मारणारी, आणि मुळं तपकिरी. सोलली तर साल सटकन निघून आली. म्हणजे पाणी कमी नव्हतं, जास्त होतं, आणि आम्ही दोन दिवस वरून आणखी ओतत होतो.

कारणं तीन सापडली. रेती नसलेली माती, लाल माती आणि शेणखताने ती दाबून बसली. दुसरं, पिशव्यांना भोकं होती पण बाजूंना, तळापासून दोन बोटं वर, तळाला एकही नाही, त्यामुळे खाली पाणी तसंच साचून. घेताना आम्ही पिशवी उलटी करून बघितलीच नव्हती. आणि तिसरं, शेडची उतरती बाजू, मेलेली बहुतेक सगळी शेवटच्या दोन ओळींतली.

काय केलं: दाभणाने प्रत्येक पिशवीच्या तळाला सहा भोकं पाडली. सगळ्या पिशव्या उचलून जांभ्याच्या चिऱ्यांवर फळ्या टाकून त्यावर ठेवल्या. ज्यांची माती फारच वाईट होती अशी ४० नव्या पिशव्यांत बदलली, या वेळी दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग शेणखत. रेती शेवटी ४०० रुपयांची आणली, ती जूनमध्येच आणायला हवी होती. पिशव्या आणखी एक किलो, १८० रुपये. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी ओतलं.

चौघं सहा दिवस, प्रॅक्टिकलचे तास सोडून रोज तीन-साडेतीन तास. एकूण ४८ कलमं गेली. १५१ ची १०३ राहिली. फुटलेली, पानं धरलेली कलमं मरताना बघणं हे न फुटलेल्या काडीपेक्षा जास्त लागतं. एक मैत्रीण रडली.

३० ऑगस्ट

तिसरी बॅच मोजली. १०० पैकी ८१. हापूस ६० पैकी ५०, रत्ना ४० पैकी ३१.

५ सप्टेंबर

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, ते दरवर्षी आंब्याची कलमं विचारतात. आम्ही ठरवलं होतं कॉलेजच्या गेटवर टेबल टाकून ५० कलमं विकायची, खर्च निघेल. बोर्डपण रंगवला. सर म्हणाले विकता येणार नाही. फळझाडांची रोपं-कलमं विकायला रोपवाटिकेचा परवाना लागतो, महाराष्ट्रात १९६९ पासून तसा कायदाच आहे. परवानाधारकाला मातृवृक्ष, काडी कुठून आणली, सगळ्याचा हिशोब ठेवावा लागतो. पहिल्यांदा राग आला, दोन दिवस बोर्डावर घालवले होते. मग विचार केला की माणूस आज कलम लावणार आणि त्याला पाच-सहा वर्षांनी कळणार की ते हापूस नव्हतं, तर त्याने दाद कुठे मागायची? ज्या १५ पिशव्या आम्ही हापूस म्हणून मोजल्या होत्या त्या विकल्याही असत्या.

तुम्ही विकायच्या हिशोबाने करणार असाल तर परवान्याचं आधी बघा.

१३ सप्टेंबर

६ ते १२ सुट्टी होती. सगळे घरी. नेमकी पावसाने उघडीप दिली आणि कडक ऊन पडलं. पाणी घालायची पाळी कुणाची ते ठरलंच नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल. चिऱ्यांवर ठेवल्यामुळे आता पिशव्या लवकर सुकतात हे लक्षातच आलं नाही. तिसऱ्या बॅचमधली ५ आणि पहिलीतली ३ गेली. तिसरी ७६, पहिली ३४.

आता शेडच्या खांबाला पाळीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून बांधलाय.

१८ सप्टेंबर

जुलैमध्ये ठेवलेल्या ४६ रोपांपैकी ४० चांगली राहिली होती, त्यांना शेंड्याला नवी तांबूस पालवी आली. त्यांच्यावर मृदकाष्ठ (म्हणजे कोवळ्या फुटीवरचं) कलम केलं. रीत तीच, पाचर आणि चीर, फक्त इथे रोप पिशवीतच असतं आणि चीर नव्या कोवळ्या फुटीच्या भागात द्यायची. खालची काही पानं खुंटावर तशीच ठेवली. काड्यांची पानं ८ सप्टेंबरला मी सुट्टीतच येऊन कापून गेले होते. त्या दिवशी पिशव्यांना पाणी घालायचं सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर

सकाळी शेडमध्ये गेले तर पिशव्यांच्या भोवती कोवळी पानं पडलेली, प्रत्येक पान देठाजवळून एका रेषेत कापलेलं, कात्रीने कापल्यासारखं. आधी वाटलं कुणीतरी मुद्दाम केलं. ११वीच्या मुलांना विचारूनपण झालं. काकांनी खाली बसून एक पडलेलं पान उचललं आणि दाखवलं, मधल्या शिरेजवळ बारीक ठिपके. पाने कातरणारा भुंगा. मादी कोवळ्या पानात अंडी घालते आणि मग तेच पान कातरून खाली पाडते, अळी त्या पडलेल्या पानात वाढते आणि मातीत जाते. म्हणून फवारणीच्या आधी पडलेली पानं गोळा करून नष्ट करायची. रोज सकाळी झाडू मारून सगळी पानं जाळली, दहा दिवसांत थांबलं. औषध लागलं नाही. ११वीच्या मुलांची माफी मागितली.

१२ ऑक्टोबर

मृदकाष्ठ ४० पैकी २९ फुटली. काही शेंडे सुकलेले, चिरून बघितले तर आत अळी, शेंडा पोखरणारी. सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खालून कापून टाकले.

२० ऑक्टोबर

पहिल्या आणि दुसऱ्या बॅचच्या पट्ट्या सोडल्या. उशीरच झाला. तीन कलमांना पट्टीने खाच पाडली होती, खोड तिथे आवळून बारीक झालेलं. दुसऱ्या बॅचमधली दोन तर सोडताना जोडावरच मोडली, १०१ राहिली. जोड चांगला भरून आला की लगेच पट्टी सोडा, काडीला दुसरी पालवी पिकली की बघायला लागा. एकाच दिवशी सगळ्यांच्या सोडायच्या म्हणून आम्ही थांबलो होतो, त्याची गरज नव्हती.

३० नोव्हेंबर

शेवटची मोजणी. पहिली बॅच ३४, दुसरी १०१, तिसरी ७६, मृदकाष्ठ २९. एकूण २४०. बांधली होती ४९०.

खर्च सगळा मिळून ३६१० रुपये, म्हणजे जिवंत कलमाला १५ रुपये पडले, आमची मजुरी धरलेली नाही. शेडनेट, सिकेटर, पाण्याचा पाईप कॉलेजचं. टाक्यांचा खर्चही धरलेला नाही.

लावणी आता पावसाळ्यात, तोवर दिवसाआड पाणी. कॉलेजच्या मागच्या कातळावर १० बाय १० मीटरवर ६० खड्डे आखलेत, उन्हाळ्यात खणायला घ्यायचे. बाकीची आम्ही चौघं आणि ११वीची मुलं वाटून घेणार. माझ्या वाट्याला दोन रत्ना आल्यात, त्यांच्यावर पांढरा ठिपका दिलाय.

विहिरीकडच्या झाडाला दक्षिणेच्या बाजूने मोहोर डोकावायला लागलाय. काल ११वीच्या चौघांना घेऊन झाडाखाली गेले, उन्हातल्या कुठल्या फांद्यांवर मार्चनंतरची फूट बघायची ते दाखवलं आणि त्या फांद्यांना लाल चिंध्या बांधल्या. ऑइल पेंटचा डबा त्यांच्या ताब्यात दिलाय, तळाला थोडाच उरलाय, नवा आणावा लागेल.